तांत्रिक चर्चेत दुसऱ्याचे इंग्रजी केव्हा दुरुस्त करावे?

प्रश्न असा आहे. नाशिकच्या एका तरुण सॉफ्टवेअर अभियंत्यांनी एका मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा) प्रकल्पाकडे बगची, म्हणजे प्रोग्राममधील दोषाची, नोंद केली. त्यातील मुख्य वाक्य होते, ‘सर्व्हिस इज नॉट स्टार्टिंग ओन्ली आफ्टर अपग्रेड, एरर इज कमिंग.’ प्रकल्पातील एका जुन्या सदस्याने उत्तरादाखल या वाक्यातील तीन चुका दाखवल्या: ‘अपग्रेड’च्या आधी ‘द’ हवा, ‘ओन्ली’ची जागा चुकली आहे आणि ‘एरर इज कमिंग’ असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही. मूळ अडचणीबद्दल चार दिवस कोणी अवाक्षर काढले नाही. ते अभियंते आता विचारतात की, त्या सदस्याचे बरोबर होते का. आणि त्यांच्या स्वतःच्या गटातील नव्या सहकाऱ्यांच्या लेखनात अशाच चुका दिसतात, त्या दाखवाव्यात की सोडून द्याव्यात?

मी गेली २२ वर्षे पुण्यात सॉफ्टवेअरचे डॉक्युमेंटेशन लिहिण्याचे आणि इतरांनी लिहिलेले तपासण्याचे काम करते. त्या अनुभवावरून माझे मत आधी थोडक्यात सांगते. ज्या चुकीमुळे वाचणाऱ्याला भलताच अर्थ लागतो, ती दुरुस्त करणे हे तांत्रिक कामच आहे आणि ते संकोचापायी टाळू नये. ज्या चुकीमुळे अर्थाला धक्का लागत नाही, ती चर्चेत सोडून द्यावी. मात्र तोच मजकूर पुढे वर्षानुवर्षे टिकणार असेल, तर तो कायम होण्याआधी ती काढावी. तुमच्या तीन चुकांपैकी एक पहिल्या प्रकारची होती आणि दोन दुसऱ्या प्रकारच्या. त्या सदस्याने तिन्ही एकाच मापाने मोजल्या, आणि जी खरोखर महत्त्वाची होती तिच्यामुळे आपण बग चुकीचा समजलो आहोत हे त्यांच्याही लक्षात आले नाही. मला त्यांच्या सुरापेक्षा ही गोष्ट अधिक खटकते.

ते ‘ओन्ली’ नीट पाहू. तुम्हाला म्हणायचे होते, ‘अपग्रेडनंतर सर्व्हिस सुरूच होत नाही.’ मराठीतील ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्यावर जोर देतो, पण प्रत्येक ठिकाणी त्याचे काम सारखे नसते. ‘हा बग लिनक्सवरच दिसतो’ या वाक्यात तो इतर शक्यता वगळतो, आणि तिथे इंग्रजीत ‘ओन्ली’ चालते. ‘सुरूच होत नाही’ या वाक्यात मात्र तो काहीही वगळत नाही. तो नकार पक्का करतो, आणि तिथे इंग्रजीला ‘ॲट ऑल’ लागते. ‘च म्हणजे ओन्ली’ ही जोडी आपल्या डोक्यात शाळेपासून इतकी घट्ट बसलेली असते की दोन्ही ठिकाणी हात तोच शब्द लिहून मोकळा होतो. इंग्रजी वाचकाने तुमचे वाक्य असे वाचले: ‘सर्व्हिस फक्त अपग्रेडनंतर सुरू होत नाही, एरवी होते.’ म्हणजे त्याच्या लेखी ही एकदाची अडचण ठरली. हाताने पुन्हा सुरू केली की भागले. प्रत्यक्षात तुम्ही मला पाठवलेल्या लॉगवरून, म्हणजे प्रोग्रामने आपोआप ठेवलेल्या नोंदींवरून, दिसते की यंत्र रीबूट केल्यावरही तुमची सर्व्हिस उठत नव्हती. एका वाचनात हा बग रांगेत शेवटी जातो, तर दुसऱ्या वाचनात नवी आवृत्तीच मागे घ्यावी लागेल इतका तो गंभीर ठरतो.

म्हणून त्या सदस्याने क्रियाविशेषणाच्या जागेचा नियम सांगण्याऐवजी एक प्रश्न विचारायला हवा होता: ‘अपग्रेडनंतर पहिल्या वेळेसच सुरू होत नाही, की कितीही वेळा प्रयत्न केला तरी होत नाही?’ या प्रश्नाने चूकही दुरुस्त झाली असती आणि बगही पुढे सरकला असता. ‘च’मधून आलेल्या ‘ओन्ली’ची दोन वाचने सुचायला मराठी किंवा हिंदी कानावर असावी लागते, म्हणून आपल्यापैकी कोणी त्या चर्चेत असेल तर असा खुलासा करणे हे त्याचे काम आहे, असे मी मानते.

याहून फसवे उदाहरण ‘जोपर्यंत… नाही, तोपर्यंत’ या रचनेचे आहे. काही वर्षांपूर्वी एका सॉफ्टवेअर लायब्ररीच्या (इतर प्रोग्रामांत वापरायच्या तयार कोडच्या) डॉक्युमेंटेशनचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात एक वाक्य होते, ‘द लॉक इज हेल्ड अंटिल द रिस्पॉन्स डझ नॉट अराइव्ह.’ स्पेलिंग शुद्ध, उपपदे जागच्या जागी, आणि व्याकरण तपासणाऱ्या साधनाने त्याखाली रेघही ओढली नव्हती. लिहिणाऱ्याच्या मनात होते, ‘जोपर्यंत उत्तर येत नाही, तोपर्यंत लॉक धरून ठेवला जातो.’ लॉक म्हणजे एकाचे काम होईपर्यंत इतरांना थांबवून ठेवणारे कुलूप. मराठीत त्या ‘नाही’शिवाय वाक्य उभेच राहत नाही. इंग्रजीत मात्र ‘अंटिल’च्या पोटातच तो नकार असतो, आणि वर ‘नॉट’ घातला की अर्थ उलटतो: उत्तर येईनासे झाले की लॉक सुटतो. हे वाक्य वाचून प्रोग्राम लिहिणारा माणूस असे धरून चालेल की सर्व्हर गप्प राहिला तर लॉक आपोआप मोकळा होईल, आणि त्याचा प्रोग्राम कायमचा अडकून बसेल. मी त्या सहकाऱ्याला फोन करून एवढेच विचारले की, सर्व्हर बंद पडला तर लॉकचे काय होते. त्यांनी लगेच सांगितले, ‘तो तसाच राहतो.’ मग ते वाक्य आम्ही दोघांनी मिळून बदलले, आणि टाइमआउट (ठरावीक वेळेनंतर वाट पाहणे थांबवण्याची सोय) नसल्याची एक सूचनाही त्याच्याखाली घातली, जी आधीच्या मसुद्यात नव्हती. हा ध चा मा मला ओळखता आला, कारण घाईत लिहिताना माझ्याही हातून तो होतो.

‘रिव्हर्ट’ या शब्दाचीही गोष्ट अशीच आहे. भारतीय कचेऱ्यांतील इंग्रजीत ‘आय विल रिव्हर्ट’ म्हणजे ‘मी उत्तर देईन’. पण कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीत ‘रिव्हर्ट’ ही केलेला बदल उलटवणारी आज्ञा आहे. पुल रिक्वेस्टखाली, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घ्यावा या विनंतीखाली, ‘प्लीज रिव्हर्ट’ असे लिहिले तर समोरचा परदेशी सहकारी तुमचा बदल काढून टाकील, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. ‘डाउट’चेही तसेच. मराठीत शंका म्हणजे विचारायची गोष्ट, आणि शंकासमाधान हा तर शिकवण्याचाच भाग. ‘आय हॅव अ डाउट अबाउट धिस पॅच’ हे वाक्य मात्र बाहेरच्या वाचकाला ‘या पॅचबद्दल (कोडमधील बदलाबद्दल) मला खात्री वाटत नाही’ असे ऐकू येते. साधा प्रश्न विचारणारा नवखा माणूस त्याला आक्षेप घेणारा वाटतो, आणि पुढचा संवाद त्याच सुरात जातो. नकारार्थी प्रश्नाला दिलेले ‘येस’ हा आणखी एक सापळा आहे. ‘डझ इट नॉट क्रॅश नाऊ?’ या प्रश्नाला आपण ‘येस’ म्हणतो तेव्हा मनात ‘हो, होत नाही’ असते. इंग्रजी रीतीने तिथे ‘नो’ हवे. यावर उपाय उत्तर देणाऱ्याला सुधारण्याचा नाही. मिश्र गटात नकारार्थी प्रश्न विचारूच नये, आणि ‘येस’-‘नो’च्या पुढे पूर्ण वाक्य लिहावे. आमच्या गटात हा नियम मी बरीच वर्षे पाळायला लावते आहे.

आता जे सोडून द्यावे त्याबद्दल. ‘एरर इज कमिंग’ हे ‘एरर येतोय’चे सरळ रूप आहे, इंग्रजी कानाला ते खटकते, पण त्याचा दुसरा अर्थ कोणालाही लागत नाही. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, त्यामुळे ती आपल्याकडून गळतात किंवा नको तिथे पडतात. चर्चेत त्याने बिघडत नाही. विनिर्देश, म्हणजे प्रणालीने नेमके कसे वागावे हे ठरवणारा दस्तऐवज, लिहिताना मात्र ‘अ टोकन’ म्हणजे कोणतेही टोकन (ओळख पटवणारा संकेत) आणि ‘द टोकन’ म्हणजे आधी दिलेले तेच टोकन, एवढा फरक असतो, आणि तिथे उपपदाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. ‘डू द नीडफुल’वर पुष्कळ लोक हसतात. तो जुन्या ब्रिटिश कचेरीतला प्रयोग आहे, व्याकरणाने शुद्ध आहे. त्यातला दोष एवढाच की नेमके काय करायचे ते त्यातून कळत नाही. तेव्हा भाषेवर शेरा न मारता ‘नेमके कोणते पाऊल उचलू?’ असे विचारावे.

आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी आपला नियम खरोखर नियम आहे का, हेही तपासावे. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘लेस’ न वापरता ‘फ्यूअर’ वापरावे, असे अनेकांना ठामपणे वाटते. हा आग्रह १७७० मध्ये इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी स्वतःची पसंती म्हणून मांडला होता, आणि पुढे तो नियम म्हणून शिकवला जाऊ लागला. एका माणसासाठी ‘दे’ हे सर्वनाम वापरणे ही अलीकडची चूक आहे असे समजणारेही भेटतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात त्याची लिखित उदाहरणे १३७५ पर्यंत मागे जातात. ज्यांनी आयुष्यभर इंग्रजी वापरले तेही या गोष्टींवर एकमताचे नाहीत. मग रात्री बारा वाजता बग शोधत बसलेल्या माणसाला त्यासाठी अडवण्याचे कारण मला दिसत नाही.

टिकणाऱ्या मजकुराबाबत मात्र मी बरीच कडक आहे. वेबवर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना ब्राउझर आधीच्या पानाचा पत्ता ज्या हेडरमधून कळवतो, त्या ‘रेफरर’च्या स्पेलिंगमध्ये जिथे दोन ‘आर’ हवे होते तिथे एकच पडला. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ठरवणारे क्रमांकित दस्तऐवज. मे १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये ती चूक छापली गेली, आणि जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही हेडरचे नाव तेच आहे, कारण तोवर जगातील सर्व सर्व्हर आणि ब्राउझर त्या स्पेलिंगवर विसंबून होते. पुढे आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ या हेडरचे स्पेलिंग शुद्ध असल्यामुळे आता एकाच ब्राउझरला एकाच शब्दाची दोन रूपे सांभाळावी लागतात. युनिक्सच्या ‘क्रिएट’ या, फाईल तयार करायला सांगणाऱ्या सिस्टिम कॉलच्या नावाच्या शेवटी ‘ई’ नाही. युनिक्स पुन्हा करायला मिळाले तर काय बदलाल असे विचारल्यावर युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्प्सन यांनी तो ‘ई’ लावीन असे उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. फंक्शनचे नाव, हेडर, कॉन्फिगरेशनमधील किल्ली, डेटाबेसमधील स्तंभाचे नाव अशा ठिकाणची चूक एकदा बाहेर पडली की तिची दुरुस्ती म्हणजे दुसऱ्यांचे चालते प्रोग्राम मोडणे. म्हणून रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी बदल तपासतात तेव्हा, तो कोडच्या मुख्य शाखेत जाण्याआधी, अशी चूक निःसंकोच दाखवावी. कमिट संदेशाचेही, म्हणजे बदल नोंदवताना त्यासोबत लिहिलेल्या टिपणाचेही, तेच. त्याचा मजकूर कमिटच्या हॅशमध्ये (त्याच्यावरून काढलेल्या ओळखखुणेत) मिसळलेला असल्यामुळे तो नंतर बदलायचा तर इतिहासच नव्याने लिहावा लागतो.

लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पॅच पाठवण्याच्या जुन्या मार्गदर्शिकेत कोणत्या किरकोळ दुरुस्त्या स्वीकारल्या जातील याची यादी होती. त्यात डॉक्युमेंटेशनमधील स्पेलिंगच्या दुरुस्त्या होत्या, आणि ज्या स्पेलिंगमुळे ‘ग्रेप’ या शब्द शोधणाऱ्या आज्ञेने शोधताना शब्द सापडणार नाही अशाही होत्या. हा निकष मला फार आवडतो, कारण तो शुद्धतेचा मान न पाहता वाचणाऱ्याची गरज पाहतो. शोधणाऱ्याला शब्द सापडला पाहिजे, एवढेच त्यात मागितले आहे.

विनिर्देशांत तर एका क्रियापदावर सगळे अवलंबून असते. मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांचे अर्थ बांधून दिले आहेत: ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असल्याशिवाय सोडू नये, आणि ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. हे शब्द लहान अक्षरांत आले तर काय समजावे यावर गोंधळ होत राहिला, म्हणून मे २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ काढून स्पष्ट करावे लागले की मोठ्या अक्षरांत लिहिले असतील तरच त्यांना हा विशेष अर्थ आहे. मराठीत ‘पाहिजे’ आणि ‘हवे’ आपण सक्तीसाठीही वापरतो आणि सल्ल्यासाठीही, त्यामुळे ‘क्लायंटने टोकन पाठवायला हवे’ या विचाराचे इंग्रजी करताना ‘शुड’ सहज पडते आणि सक्तीची अट ऐच्छिकतेकडे झुकते. गटातील मसुदे तपासताना मी प्रत्येक ‘शुड’पाशी थांबते आणि लिहिणाऱ्याला विचारते की, हे केले नाही तर सर्व्हर विनंती नाकारतो का. तो ‘हो’ म्हणाला की तिथे ‘मस्ट’ येते.

एका बाबतीत शुद्ध दुरुस्तीही नुकसान करते, आणि मराठी वाचकांनी ती जाणून घ्यावी असे मला मनापासून वाटते. गेटटेक्स्ट पद्धतीने ज्यांचे स्थानिकीकरण होते त्या प्रोग्रामांत मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. त्या वाक्यात एक स्वल्पविराम वाढवला तरी आधीचे मराठी भाषांतर जुळत नाही. त्यावर ‘फझी’, म्हणजे पुन्हा तपासायला हवे, अशी खूण पडते, आणि तशी खूण असलेले भाषांतर अंतिम फाईलीत सहसा घेतले जात नाही. वापरणाऱ्याला तिथे पुन्हा इंग्रजी दिसू लागते. म्हणूनच लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपसारखे प्रकल्प नवी आवृत्ती येण्याआधी ‘स्ट्रिंग फ्रीझ’ पाळतात, म्हणजे त्या मुदतीनंतर पडद्यावरील वाक्यांना हात लावत नाहीत. कोणीतरी शेवटच्या आठवड्यात इंग्रजी सुबक केले की जगभरच्या भाषांतरकारांचे काम त्या जागी निघून जाते, आणि ज्या भाषांत काम करणारी माणसे मोजकी आहेत त्यांना ते वेळेत भरून काढता येत नाही. तेव्हा पडद्यावरील वाक्य सुधारायचे असेल तर आधी वेळापत्रक पाहावे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. नव्या सहकाऱ्याची चूक दाखवायची असेल, तर आधी त्याच्या तांत्रिक प्रश्नाला उत्तर द्यावे. उत्तर देताना त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत, योग्य इंग्रजीत एकदा मांडावे: ‘म्हणजे सर्व्हिस एकदाही सुरू होत नाही, असे तुम्ही म्हणता ना?’ त्याला बरोबर वाक्यरचना डोळ्यांपुढे मिळते आणि चारचौघांत खाली मान घालावी लागत नाही. तीच चूक वारंवार होत असेल तर खासगीत सांगावे, आणि ती मराठीतील कोणत्या रचनेतून आली तेही सांगावे. ‘जोपर्यंत नाही’ची गोष्ट एकदा समजली की माणूस ती सहसा विसरत नाही. कोड रिव्ह्यूमध्ये भाषेच्या किरकोळ सूचनेच्या आधी ‘निट’ असे लिहिण्याची रीत आहे, म्हणजे त्यावरून बदल अडणार नाही हे लिहिणाऱ्याला कळते. ‘अंटिल नॉट’सारख्या सूचनेला मात्र ‘निट’ म्हणू नये, कारण ती अडवण्यासारखीच असते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर दुसऱ्याचा प्रश्न थेट संपादित करता येतो. २,००० पेक्षा कमी गुण असलेल्या सदस्याचा बदल इतरांनी तपासल्यावरच लागू होतो, आणि आधीच्या आवृत्त्या इतिहासात राहतात. तिथे शेरा लिहिण्यापेक्षा गुपचूप दुरुस्ती करावी, पण त्या दुरुस्तीत प्रश्नकर्त्याचा अर्थ आपण ठरवून टाकत नाही ना, हे पाहावे. तुमच्या ‘ओन्ली’ची जागा कोणी न विचारता हलवली असती, तर चुकीचा अर्थ शुद्ध इंग्रजीत कायमचा नोंदला गेला असता. व्याकरण सुधारणाऱ्या साधनांवर आंधळेपणाने विसंबू नये, याचेही कारण तेच.

दुरुस्तीसाठी दुरुस्ती करू नये, हेही सांगायला हवे. ऑक्टोबर २०२० मध्ये डिजिटलओशन या कंपनीच्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ उपक्रमात टी-शर्ट मिळवण्यासाठी लोकांनी अनोळखी प्रकल्पांच्या ‘रीडमी’ या ओळख करून देणाऱ्या फाईलीत एखाद-दुसरा शब्द बदलून इतक्या पुल रिक्वेस्ट पाठवल्या की प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले, आणि आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीसच नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिला आहे तेवढेच धरावे लागले. प्रत्येक दुरुस्ती कोणाला तरी वाचून, तपासून मान्य करावी लागते, आणि तो वेळ बग सोडवण्याच्या वेळेतूनच जातो.

तुमच्या नोंदीबद्दल त्या सदस्याशी वाद घालू नका. त्यांचे ‘ओन्ली’बद्दलचे म्हणणे बरोबर होते, त्याबद्दल आभार माना आणि त्याच नोंदीखाली नवे वाक्य लिहा: ‘आफ्टर द अपग्रेड, द सर्व्हिस डझ नॉट स्टार्ट ॲट ऑल, ईव्हन आफ्टर अ रीबूट.’ त्याखाली आधीची आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक द्या. मग लॉगमधील एररची पहिली ओळ जशीच्या तशी चिकटवा. त्या ओळीत एखादे स्पेलिंग चुकलेले दिसले तरी त्याला हात लावू नका. तीच अडचण आलेला पुढचा माणूस ती ओळ शोधतच तुमच्या नोंदीपर्यंत पोहोचेल.